मानवी हक्कांच्या धोरणकामात जावं, की उसाच्या फडावरच राहावं?

बालाघाटची (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढते.

माझं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. आई-अण्णा ऊसतोडीला जायचे. सातवीपर्यंत मीही दसरा झाला की त्यांच्यासोबत कारखान्यावर, कोपीत, म्हणजे तोडवाल्यांच्या तात्पुरत्या झोपडीत. पुढे वसतिगृह मिळालं म्हणून शाळा टिकली. एमएसडब्ल्यू झालं. गेली तीन वर्षं आमच्याच भागात एका छोट्या संस्थेत ऊसतोड बायांच्या आरोग्याचं काम करते. आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मानवी हक्क आणि विकास-धोरण या विषयाला प्रवेश मिळालाय आणि शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या यादीतही नाव लागलंय. महिनाभरात होकार कळवायचाय.

अडलंय कुठे ते सांगते. मागच्या हंगामाआधी आम्ही गावोगाव पाहणी करत होतो. टोळी जमवणाऱ्या एका मुकादमाने मला त्याची वही दाखवली. सरळ माणूस, काही लपवलं नाही. वहीत लिहिलेलं 'कोयते १४', खाली चौदा नावं, प्रत्येकापुढे उचलीचा, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा आकडा. चौदाही पुरुष. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, अंगठा नवऱ्याचा. म्हणजे त्या टोळीत चौदा बाया होत्या आणि वहीत एकही नव्हती. माझी आई बावीस हंगाम गेली. तिने तोडलेला सगळा ऊस अण्णांच्या नावावर आहे. कंबरेचं दुखणं तेवढं तिच्या एकटीच्या नावावर.

हे मी संस्थेच्या अहवालात नीट लिहिलं होतं. अहवाल दिल्लीच्या एका बैठकीत गेला तेव्हा तक्त्यात रकाना झाला होता 'एकूण कामगार कुटुंबे'. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तक्ता करणाऱ्याला कोयता म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मनात आहे की तो तक्ता जिथे होतो तिथे आपलं कुणीतरी बसलेलं हवं. आणि ज्या ताईंनी मला घडवलं त्या म्हणतात, "जा बाई, पण धोरणवाले परत फडात येत नाहीत."

तर विचारायचं हे, की या कामात माणसं दिवसभर नेमकं करतात काय? त्याने कुणाच्या जगण्यात फरक पडतो का? आणि गेलेली माणसं परत येतात का? कडू असलं तरी चालेल, पण खरं लिहा.


सुहास_नाशिक (सोमवार, रात्री ११.०५)

आधी अभिनंदन. कोपीतून इथवर येणं म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना कळणारही नाही. बाकी जाणकार लिहितीलच, वाचतोय.


हजेरी_सहायक (मंगळवार, सकाळी ६.२०)

ताई, तुमची वही वाचून रात्रभर झोप नीट लागली नाही. माझी नोकरीच वहीची होती. रोजगार हमीवर हजेरी सहायक म्हणून लागलो, १९८६-८७ च्या दुष्काळात मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट भरायचो.

आमच्या मस्टरवर कुटुंब नव्हतं, जोडी नव्हती. माणूस होता. बाईचं नाव वेगळ्या ओळीवर, तिची हजेरी वेगळी, तिच्या नावापुढे तिचाच अंगठा. कामाचं मोजमाप गटाचं व्हायचं, पण मजुरी वाटताना प्रत्येक नाव पुकारावं लागायचं. बायकांची नावं तशी जाहीर पुकारायची गावात सवय नव्हती. 'अमक्याची सून', 'तमक्याची आई' असंच सगळे म्हणायचे. पहिल्या आठवड्यात नाव पुकारलं की बायका इकडेतिकडे बघायच्या. महिन्याभराने ताठ उभ्या राहून 'हजर' म्हणायला लागल्या. सडकेची माती पुढे वाहून गेली असेल, पण ते 'हजर' मी विसरलो नाही.

ही योजना बाहेरून कुणी आणून दिली नव्हती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरकडे आधी करून पाहिलेली कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. आणि २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला.

मुद्दा एवढाच की धोरण म्हणजे इंग्लंड-अमेरिकाच असं नाही. आपल्या तहसिलात बसूनही ते घडलं आहे. तुम्ही जा की राहा, पण हे मनात असू द्या.


लेमानकाठ (मंगळवार, दुपारी २.१५)

काकांचा प्रतिसाद वाचून 'हजर' म्हणावंसं वाटलं.

मी मूळची सातारची, नऊ वर्षं जिनिव्हात. हक्कांवर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. बालाघाटची, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण हे मलाही येण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

दिवसभर आम्ही वाचतो आणि शब्दांवरून भांडतो. इथे भरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा साडेचार-पाच वर्षांनी एकदा आढावा होतो. त्या देशाची प्रत्यक्ष पाळी साडेतीन तासांची. बाकीचे देश एकामागून एक उठून प्रश्न विचारतात, शिफारशी करतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं. भारताची पाळी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. ३३९ शिफारशी आल्या, त्यांतल्या २२१ भारताने मान्य केल्या. उरलेल्यांची 'नोंद घेतली'. नाकारलं असा शब्दच तिथे नाही. मान्य, नाहीतर नोंद घेतली.

या आढाव्यासाठी संस्थांनाही म्हणणं पाठवता येतं. एका संस्थेला २,८१५ शब्द, अनेकांनी मिळून पाठवलं तर ५,६३०. मग सगळ्यांचं मिळून संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क कचेरी दहा पानांचा गोषवारा करते. आता विचार करा, एवढ्या मोठ्या देशातल्या सगळ्या संस्थांचं म्हणणं दहा पानांत. त्या दहा पानांत ऊसतोड बाईसाठी एक वाक्य लागलं तरी ती महिन्यांची मेहनत असते. त्या वाक्यात 'कामगार कुटुंबे' असेल तर कुठल्याही देशाचा प्रतिनिधी बाईबद्दल प्रश्न विचारू शकत नाही, कारण कागदावर बाई नाहीच. 'ऊसतोड महिला कामगार, ज्यांची नोंद स्वतंत्रपणे होत नाही' असं असेल तर विचारू शकतो. माझं काम हे एवढंच आहे, आणि मी ते मनापासून करते.

शब्दांवरून भांडणं क्षुल्लक वाटत असेल तर एक आठवण. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तो तयार करणाऱ्या आयोगावर भारताच्या हंसा मेहता होत्या. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सर्व मानव' आलं. एका शब्दाने अर्धं जग आत आलं. तुमच्या मुकादमाच्या वहीत नेमकं तेच राहिलंय.


रोखठोक (मंगळवार, सायंकाळी ७.३०)

मी विरोधात लिहिणार आहे. राग मानू नका, पंधरा वर्षं याच क्षेत्रात घालवून बोलतोय.

२२१ शिफारशी मान्य केल्या, पुढे काय? अंमलबजावणी झाली नाही तर जिनिव्हातून पोलिस येणार आहेत का? छळाविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक सौद्याचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करारही आपण मंजूर केलेले नाहीत, आणि ऊसतोड कामगाराला सर्वांत जास्त गरज त्यांचीच. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती कशाने? कोयता बंद ठेवण्याच्या ताकदीने, संघटनांनी साखर संघासमोर बसून केलेल्या कराराने. कुठल्या अहवालाने नाही.

मी तीन जिल्ह्यांत बालकामगारांवर अहवाल लिहिले. छान छापले गेले. ज्या वीटभट्टीवर मी मुलांशी बोललो होतो तिथे पाच वर्षांनी गेलो तर त्याच मुलांपैकी एक मुलगा, आता तरुण, वीट उचलत होता. त्याने मला ओळखलं. "सर, तुम्ही फोटो काढला होता" म्हणाला. त्या दिवशी मी अहवाल लिहिणं सोडलं, आता शाळेत शिकवतो.

ताई, तुमच्या ज्येष्ठ ताई बरोबर सांगताहेत. टोळीत तुमच्यासारखी एक मुलगी असणं हे इंग्लंडातल्या शंभर पदव्यांपेक्षा मोलाचं आहे.


सुहास_नाशिक (मंगळवार, सायंकाळी ७.५२)

रोखठोक, त्या मुलाचा परिच्छेद वाचून थांबलो. तुमच्याकडून सविस्तर लेख यावा असं मनापासून वाटतं.


वकीलबाई (मंगळवार, रात्री ९.१०)

रोखठोक यांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून असहमत.

आंतरराष्ट्रीय करार हा पोलिस नाही, पण वकिलाच्या हातातली कुदळ आहे. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी महिला विकास कार्यक्रमातली साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणी बाईच्या सुरक्षिततेचा कायदाच तेव्हा देशात नव्हता. महिलांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात त्याचाच आधार घेतला आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची तत्त्वं घालून दिली. संसदेला सोळा वर्षं लागली, कायदा २०१३ मध्ये आला. त्या सोळा वर्षांत कचेरीत, बँकेत, कारखान्यात ज्या बाईने तक्रार केली तिच्या पाठीशी संयुक्त राष्ट्रांचा कागद होता. भंवरीदेवीला स्वतःला मात्र तसा न्याय मिळाला नाही, हेही तितकंच खरं आणि ते सलतं.

आता ऊसतोडीकडे या. २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात स्थानिक समिती असते, असंघटित कामगार बाईला तिथे जाता येतं. पण पहिला प्रश्न येतो की मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी फक्त माणसं आणतो. आणि बाई कामगार होती याचा पुरावा काय? वही दाखवा. वहीत नवऱ्याचं नाव! मी उभी राहिले आहे अशा प्रकरणात. दोन तारखा केवळ ती कामावर होती हे सिद्ध करण्यात गेल्या. शेवटी शेजारच्या कोपीतल्या दोन बायांच्या साक्षीवर भागलं.

तेव्हा बालाघाटची, तुमचा मुद्दा आकडेमोडीचा वाटत असला तरी तो कोर्टात पुराव्याचा आहे. यावर कुणीतरी अभ्यास करून नीट, कायद्याच्या भाषेत लिहायलाच हवं.


गोदाकाठचा (मंगळवार, रात्री ९.४०)

थोडं हलकं करतो. आमच्या परभणीकडच्या प्रकल्पात 'लॉगफ्रेम'चं प्रशिक्षण होतं. दात्या संस्थेला उद्दिष्टं-निष्पत्ती-निर्देशक असा तक्ता लागतो, त्याला म्हणतात लॉगफ्रेम. मी तीन दिवस 'लॉगफ्रेम पूर्ण करायचीय' म्हणत गावात फिरत होतो. चौथ्या दिवशी गावचे सुतारकाका माप घ्यायला टेप घेऊन हजर. "फ्रेम कुठं बसवायची? सागाची पाहिजे का बाभळीची?" आम्ही त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात गावानं नको म्हटलं तर ते लिहायला जागा कुठाय?" नव्हती. मग आम्ही शेवटी एक रकाना वाढवला, 'गावाचा नकार व कारण'. दात्यांनी तो तसाच ठेवला. सुतारकाकांचाच रकाना म्हणतो मी अजून.


सुहास_नाशिक (मंगळवार, रात्री ९.४८)

सुतारकाकांना माझा नमस्कार सांगा. सागाची की बाभळीची, वाचून घरात सगळे हसले.


कुरखेड्याहून (बुधवार, सकाळी ११.००)

दोन्ही बाजू वाचल्या. गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो, म्हणून इथलं सांगतो. हा जिल्हा म्हणजे तुमच्या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर आहे असं मला वाटतं.

पहिलं, नवजात बाळांचं. सर्च संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, कापडी झोळीच्या काट्यावर वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं गेलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सांगितलं की नवजात बाळाला घरी जाऊन भेटा. २०११ मध्ये भारतभर आशाताईंच्या कामात ते आलं. आज तुमच्या गावातली आशा बाळंतिणीच्या घरी येते त्यामागे आमच्या गावांमधल्या बाया आहेत. पण लक्षात घ्या, फक्त काम चांगलं होतं म्हणून ते जगभर गेलं नाही. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू वर्षानुवर्षं नोंदला होता, आणि ती नोंद कुणाला तरी जगाच्या भाषेत लिहिता आली.

दुसरं, मेंढा (लेखा) हे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे इथलंच. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि ते पुस्तक वनखात्याकडे. हक्काचा कागद हातात, बांबू जंगलात, आणि गाडी फाटकावर अडलेली. दोन वर्षं त्यावर झगडा चालला. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा वाचणारे बाहेरचे मित्र आणि निर्णय घेणारी ग्रामसभा, दोघंही होते. गावात अभ्यासगट बसायचा, बाहेरचा माणूस त्यात माहिती द्यायला यायचा, निर्णय द्यायला नाही.

रोखठोक सर, तुमची वीटभट्टीची वेदना मला कळते. पण अहवालानंतर त्या मुलापाशी कुणीच थांबलं नाही, चूक तिथे झाली असं मला वाटतं. लिहिण्यात चूक नव्हती.


एक_आई (बुधवार, दुपारी १.३०)

माझी मुलगीही याच वाटेवर आहे म्हणून विचारते. पगारपाणी, नोकरीची शाश्वती याबद्दलही कुणी लिहा ना. ऊसतोडीच्या घरातून आलेल्या मुलीवर घरची जबाबदारी असणार.


परतीचा_पाऊस (बुधवार, दुपारी ४.४५)

आईंच्या प्रश्नाला उत्तर, कारण मी त्यातून नुकताच गेलोय. सहा वर्षं एका आरोग्य प्रकल्पात धोरण समन्वयक होतो. परदेशी निधी थांबला आणि शुक्रवारी संध्याकाळी एका पत्राने चाळीस जणांचं काम संपलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांच्या हातातही फार नव्हतं. मला वाईट वाटलं ते पगाराचं नाही. ज्या क्षयरुग्णांना आम्ही दर आठवड्याला फोन करायचो त्यांना 'उद्यापासून फोन येणार नाही' हे सांगायलाही वेळ मिळाला नाही. मी माझ्या फोनवरून काही दिवस करत राहिलो.

आता रोकडं. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेला तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्था पैसे आणायच्या आणि तालुक्यातल्या लहान संस्था काम करायच्या, ती साखळीच तुटली. बालाघाटची, परत येऊन लहान संस्थेत काम करायचं असेल तर पगार कुठून येणार हे जाण्याआधीच बोलून घ्या. आणि संशोधन, आकडेवारी, कायदा यांपैकी एक कौशल्य असं घट्ट करा की संस्था बंद पडली तरी ते तुमच्याजवळ राहील. आज मी एका जिल्हा परिषदेसाठी आरोग्याची आकडेवारी बघतो ते त्याच जोरावर.


लेमानकाठ (बुधवार, सायंकाळी ६.२०)

परतीचा पाऊस यांनी लिहिलंय ते इथेही खरं आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत त्यांची मदत-संस्थाच गुंडाळली गेली, तेव्हापासून इथे प्रत्येक कचेरीत खुर्च्या रिकाम्या होताहेत. संयुक्त राष्ट्रांतल्या तरुणांच्या ज्या चांगल्या जागा असतात त्यांतल्या बहुतेक श्रीमंत देश आपल्या नागरिकांसाठी पैसे देऊन ठेवतात. प्रशिक्षणार्थी म्हणून कित्येक ठिकाणी पैसेच मिळत नाहीत, आणि हे शहर महाग. म्हणून इथे येतात ती बहुतेक ज्यांच्या घरी आधार आहे अशी मुलं. हा अन्यायच आहे, आणि हक्कांचं काम करणाऱ्या ठिकाणी तो जास्त टोचतो. शिष्यवृत्तीवर येणारी बालाघाटची मुलगी म्हणूनच इथे हवी आहे मला.


भीमाकाठ (बुधवार, रात्री १०.३०)

अवांतर वाटेल, पण नाही.

१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण भारतातल्या अस्पृश्यांच्या वतीनेही तसं करण्याचा विचार होता. डुबॉईस यांनी उत्तर दिलं. संयुक्त राष्ट्रांचं वय तेव्हा जेमतेम एक वर्ष! जगाच्या चावडीवर आपलं गाऱ्हाणं मांडायचं ही गोष्ट आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

२००१ मध्ये दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत देशभरातले दलित कार्यकर्ते गेले. जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथे नको, असं भारत सरकारचं म्हणणं होतं. परिषदेच्या अंतिम मसुद्यात जात आली नाही. लोक हात हलवत परतले असं तेव्हा वाटलं. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने लिहून ठेवलं की करारातल्या 'जन्मकुळावरून भेदभाव' या शब्दांत जातही येते. शब्द १९६५ च्या करारात आधीपासून होता. त्याचा अर्थ लावून घ्यायला सदतीस वर्षं आणि हजारो माणसांची पायपीट लागली.

रोखठोक यांचं एक मला पटतं: संघटनेशिवाय कागद दुबळा. पण बाबासाहेबांनी दोन्ही केलं. चवदार तळ्यावरही गेले आणि गोलमेज परिषदेतही.


रोखठोक (गुरुवार, सकाळी ७.१०)

कुरखेड्याहून यांचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. 'अहवालानंतर त्या मुलापाशी कुणीच थांबलं नाही.' खरं आहे. मीही थांबलो नव्हतो. पुढच्या जिल्ह्याचा अहवाल होता. मी या कामाला जे म्हटलं ते सगळं मागे घेत नाही, पण बालाघाटचीला 'जाऊ नका' म्हणालो ते मागे घेतो. जा. फक्त ज्या बायांशी बोलून लिहाल त्यांच्याकडे छापलेलं घेऊन परत जा, वाचून दाखवा, आणि त्या नाही म्हणाल्या तर बदला.


बालाघाटची (शुक्रवार, रात्री ९.००)

सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. हजेरी सहायक काका, तुमचं 'हजर' आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्या बायांचे पैसे त्यांच्याच हातात द्यायचे का?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ गप्प बसली.

तुम्हा सगळ्यांना एक माहीत असावं म्हणून लिहिते. २०१९ मध्ये बीडमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला तेव्हा शासनाच्या समितीने ८२,३०९ बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे साधारण सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण जेमतेम तीन टक्के होतं. आधी कित्येक वर्षं आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत होतं. मावशीचं झालं, काकूचं झालं, कुणी मोजलं नव्हतं. ज्या दिवशी बाई बाई म्हणून मोजली त्या दिवशी ते मुंबईत आणि पुढे जगभर ऐकू गेलं. मग ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे असंही ठरलं. पुरेसं आहे असं नाही, पण झालं. माझ्या मनातलं उत्तर बहुतेक मला तिथेच सापडलंय.

ठरवलंय, होकार कळवते. प्रबंध कोयत्यावरच करणार, आणि क्षेत्रकाम आमच्याच तालुक्यात, आमच्या ताईंच्या देखरेखीखाली. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मग हंगामाआधी ये, बाया गावात असताना." एवढंच म्हणाल्या, पण मला खूप झालं.

आता एक मदत हवी आहे. प्रस्तावात शब्दसूची जोडायची आहे आणि इंग्रजीत शब्द अडताहेत. कोयता, उचल, खाडा, कोपी, वाढे. उचलीला मी 'अॅडव्हान्स' लिहिलं, पण अॅडव्हान्स म्हणजे पगाराआधी मिळालेला पगार. उचल तशी नाही. हंगाम संपला आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी तिच्यावरच जावं लागतं.


वकीलबाई (शुक्रवार, रात्री ९.३५)

नुसतं 'अॅडव्हान्स' लिहू नका. 'उचल' हाच शब्द ठेवा आणि खाली खुलासा द्या की ही आगाऊ रक्कम आहे, ती जोडीच्या श्रमावर दिलेली असते, सही एकाची असते, आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा नेमका आगाऊ रकमेच्या बदल्यात करून घेतलेल्या श्रमाबद्दल आहे. शब्द सौम्य केलात तर तो दुवा तुटतो.


लेमानकाठ (शुक्रवार, रात्री ९.५०)

सहमत. कोयताही तसाच ठेवा. 'कपल' लिहिलंत की वाचणाऱ्याला संसार दिसतो, कामाचं एकक दिसत नाही. आधी मूळ शब्द, मग दोन ओळी. समित्यांपुढे मी नेहमी तसंच करते.


गोदाकाठचा (शुक्रवार, रात्री १०.०५)

वाढे विसरू नका. उसाच्या शेंड्याची पेंढी विकून येणारे पैसे बऱ्याच टोळ्यांत बाईच्या हातात राहतात. हंगामात तिच्या हाती येणारी रोकड बहुधा तेवढीच. हिशेबात कुठेच नसते.


बालाघाटची (शुक्रवार, रात्री १०.१२)

अगदी बरोबर. आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे वाढ्याचेच असायचे. घालते. आणि खाडा? 'अॅबसेन्स' लिहिलं तर चालेल?


हजेरी_सहायक (शनिवार, सकाळी ६.०५)

नका लिहू ताई. आमच्या मस्टरवर खाडा म्हणजे रिकामा चौकोन. त्या दिवसाची मजुरी नाही, बाकी काही नाही. तुमच्याकडे एक दिवस पाळीमुळे, तापामुळे, लेकरू आजारी पडल्यामुळे बाई उठली नाही, तर मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. नुसती गैरहजेरी लिहिली तर वाचणाऱ्याला तो दंड दिसणारच नाही. किती रुपये, कुणी लावला, कुठल्या कारणासाठी, हे तीन रकाने वेगळे करा. माझ्याकडे जुन्या मस्टरचा एक कोरा नमुना जपून ठेवलेला आहे, बाईचं नाव वेगळ्या ओळीवर असलेला. नातवाकडून स्कॅन करून पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.